एफडी मोडून आयर्लंडला सायकल चालवायला जावं का?

एका शिक्षिकाताईंनी नाशिकहून पत्र पाठवलंय. वय ५१, यजमान ५३, खासगी कंपनीत. दोघं चार वर्षांपासून नियमित सायकल चालवतात. अलिबाग ते रत्नागिरी हा किनारा त्यांनी जंगलजेट्टीतून, म्हणजे खाडीतल्या फेरीबोटीतून, सायकली पलीकडे नेत पूर्ण केलाय. आता त्यांना आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयो आणि कॉनेमारा भागात, गाईडशिवाय आठ दिवस सायकल चालवायची आहे. मुक्काम, सायकली, नकाशे आणि सामानाची ने-आण एवढं तिथली कंपनी बघते, बाकी वाट आपली आपण काढायची. ताईंचा हिशोब ६ लाख ११ हजारांचा आहे. ८ लाखांची एफडी मोडून येत्या सप्टेंबरात जावं असं त्यांच्या मनात आहे, यजमान म्हणतात निवृत्तीनंतर बघू. "मी चुकीचं तर करत नाहीये ना?" असं त्यांनी शेवटी विचारलंय.

ताई, जाणं चुकीचं नाही. एफडी मोडणं चुकीचं आहे. आणि पाच वर्षं थांबणं हेही माझ्या मते चुकीचंच आहे.

आधी एफडी. तुमचा घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून महिन्याला ९५ हजार जातात. म्हणजे ही एफडी साधारण आठ महिन्यांचा आधार आहे. सहल झाल्यावर त्यातले १ लाख ९० हजार उरतील, दोन महिन्यांपुरते. खासगी नोकरीत ५३ व्या वर्षी नोकरी गेली तर नवी मिळायला दोन महिने पुरत नाहीत, हे मी माझ्या अशिलांच्या घरांत पाहिलंय. शिवाय मुलाच्या शेवटच्या वर्षाची फी याच वर्षी भरायची आहे. ही एफडी सहलीच्या यादीतूनच काढून टाका. निवृत्तीसाठी ठेवलेल्या म्युच्युअल फंडालाही हात लावू नका. प्रवासासाठी हप्त्याने कर्ज देणाऱ्यांचे फोन येतील, त्यांना सरळ नाही म्हणा.

आता यजमानांचं म्हणणं. पाच वर्षांनी पैसे जास्त असतील, हे खरं. पण ही सहल बसमध्ये बसून करायची नाही. मी २०१८ च्या जूनमध्ये मेयोतल्या वेस्टपोर्टला गेलो होतो, तेव्हा ४८ वर्षांचा होतो. अकिल बेटावर समुद्राकडून असा वारा येत होता की उतारावरसुद्धा पायडल मारावं लागत होतं. दहा किलोमीटरला दीड तास लागला. त्या दिवशी गुडघ्यांनी जे सांगितलं ते मी विसरलेलो नाही. मुदत पैशांपेक्षा शरीराची आधी संपते, आणि ती वाढवून देणारी कुठलीही योजना माझ्याकडे नाही.

म्हणून माझा सल्ला: येत्या सप्टेंबराऐवजी पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात जा. मे आणि जून हे तिथले सर्वांत जास्त उन्हाचे महिने. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे चुकलात, थकलात, तरी अंधार गाठत नाही. जुलै-ऑगस्टची गर्दी आणि चढे दर तेव्हा सुरू झालेले नसतात. आणि मधल्या दहा महिन्यांत पैसे उभे राहतात.

पण किती उभे करायचे? तुमच्या हिशोबात शेवटची ओळ आहे, "इतर – २०,०००". बाकी सगळ्या ओळी तुम्ही नीट मांडल्यात: विमान १ लाख ३० हजार, पॅकेज दोघांचं २,७०० युरो, तुमच्यासाठी ई-सायकलचे १२० युरो. ही एकच ओळ घाईत लिहिलेली दिसते आणि सहल नेमकी तिथेच महाग होते. चांगलं रेनकोट-पँट आणि पाणी न शिरणारे बूट दोघांसाठी घ्यायला लागतील, अटलांटिकचा पाऊस आडवा येतो. एखाद्या दिवशी वाऱ्यामुळे सायकल ठेवून टॅक्सी करावी लागेल. तुम्ही युरो १०५ रुपयांनी धरलाय, तो पाच टक्क्यांनी वर गेला तरी वीसेक हजार वाढतात. आणि एक मुक्काम जास्त धरा, पूर्ण विश्रांतीचा. एकूण ७ लाख धरा.

हे ७ लाख असे येतील. दिवाळीचा बोनस १ लाख ७० हजार. जानेवारीत तुमची विमा पॉलिसी पुरी होतेय, तिचे २ लाख ८० हजार. राहिले अडीच लाख. तुम्ही ९ लाखांच्या गृहकर्जात दरमहा २५ हजार जादा भरता, ते दहा महिने थांबवा आणि तेवढ्याची आरडी काढा. याची किंमत स्पष्ट सांगतो: साडेआठ टक्के दराने साधारण ३० हजार रुपये व्याज जास्त जाईल आणि कर्ज पाचेक महिने उशिरा फिटेल. मला ही किंमत मान्य आहे. यजमानांना हाच आकडा दाखवा, "नंतर बघू" याच्याशी त्यांना तो ताडून बघता येईल.

पॅकेज घ्यावं की सगळं स्वतः बुक करावं, हेही तुम्ही विचारलंय. मुक्काम स्वतः शोधले तर थोडे पैसे वाचतील. पण सकाळी नावाची पट्टी लावलेली बॅग दाराशी ठेवायची आणि संध्याकाळी पुढच्या गावी ती खोलीत हजर, या सोयीला मी पूर्ण गुण देतो. वाटेत चेन तुटली तर फोन उचलणारं माणूस, हेही त्याच पैशांत येतं. गाईड मात्र घेऊ नका. वेस्टपोर्ट ते अकिल हा सुमारे ४२ किलोमीटरचा ग्रीनवे, म्हणजे सायकली आणि पायी चालणाऱ्यांची वाट, १९३७ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेच्या वाटेवर आहे. रेल्वेची वाट म्हणून चढ सौम्य, आणि मोटारींची गर्दी नाही. पुढे रस्त्यावर आलात तरी तिथे वाहनं आपल्यासारखी डावीकडूनच चालतात.

गाईड नसला की थांबणंही आपल्या हातात राहतं. न्यूपोर्टजवळ खाडीच्या काठावर ग्रेस ओमॅलीचा रॉकफ्लीट किल्ला आहे, १५९३ मध्ये इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीला समोरासमोर भेटलेली ही दर्यासारंग बाई. आपल्या जलदुर्गांसारखा पसारा नाही, एकच उभा चौकोनी बुरूज. आणि लुईसबर्गहून लीनानकडे जाताना डूलॉखच्या दरीत घाई करू नका. १८४९ च्या मार्चमध्ये, दुष्काळात, मदत चालू राहावी म्हणून तपासणीला बोलावलेली उपाशी माणसं या वाटेने चालत गेली आणि त्यांतली कित्येक वाटेतच मेली. तिथल्या स्मारकाच्या दगडावर महात्मा गांधींचं वचन कोरलंय. विश्रांतीचा जादा मुक्काम मी लीनानलाच घेईन.

आता कागदपत्रं. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसात, नाही, त्याचा व्हिसा वेगळा आणि अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त तीन महिने करता येतो. व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका. अर्जासोबत सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट लागतं. अचानक मोठी रक्कम जमा झालेली दिसली तर तिचा खुलासा द्यावा लागतो, म्हणून पॉलिसी पुरी झाल्याचं पत्र जपून ठेवा. उत्तर आयर्लंडमधला जायंट्स कॉजवे बघायचा मोह झाला, तर तो भाग ब्रिटनचा आहे, नुसत्या आयरिश व्हिसावर जाता येत नाही. व्हिसावर ब्रिटिश-आयरिश योजनेचा शिक्का आहे का, ते आधी बघा.

मुक्काम आणि बाकीच्या सेवा एकत्र विकत घेतल्या की ते परदेश सहलीचं पॅकेज ठरतं आणि त्यावर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा प्राप्तिकर, लागतो. तो खर्च नाही, प्राप्तिकर खात्याकडच्या तुमच्या कर-नोंदीत दिसेल आणि रिटर्न भरताना वळता होईल. पण तोवर रोकड अडकते, म्हणून पैसे भरताना त्या दिवशीचा दर विचारून तेवढी रक्कम बाजूला काढा.

प्रवास विमा घेताना रोज ५० किलोमीटर सायकल चालवणार आहोत हे सांगा, आणि ते पॉलिसीत बसतं असं उत्तर ईमेलवर घ्या. माझ्या एका अशिलाने हे तोंडी विचारलं होतं. मनगट मोडल्यावर कंपनीने साहसी खेळाच्या कलमावर बोट ठेवलं, आणि सगळं बिल त्याने भरलं.

एक मागणी. ई-सायकल एकच धरलीत, दुसरीचेही १२० युरो धरा. ७ लाखांत ते बसतात. यजमान नको म्हणतील, तरी धरा. आरडी ऑगस्टच्या पगारापासून सुरू करा, आणि जानेवारीत सहल-कंपनीच्या अटी आल्या की पैसे भरण्याआधी रद्द करण्याचं कलम मला पाठवा.