कॅरल, नाताळगीत आणि फेर

प्रश्न असा आहे : नाताळच्या कार्यक्रमाची मराठी पत्रिका छापायची आहे. इंग्रजी पत्रिकेत ‘कॅरल्स’ असा मथळा आहे. मराठीत कोणी ‘नाताळगीते’ सुचवतो, कोणी ‘ख्रिस्ती स्तोत्रे’, कोणी ‘भजने’. यातले बरोबर कोणते? ‘जिंगल बेल्स’ला कॅरल म्हणावे का? आणि कॅरल हा शब्द तो, ती की ते?

मथळा ‘नाताळगीते’ ठेवा. ‘स्तोत्रे’ मात्र नको. मराठी बायबलमध्ये ‘स्तोत्रसंहिता’ हे एका स्वतंत्र पुस्तकाचे नाव आहे, आणि चर्चमध्ये ‘स्तोत्र ९८’ म्हटले की लोक ते पुस्तक उघडतात, गाण्याची वही नाही. ‘भजने’ म्हटले की डोळ्यांसमोर पेटी-तबला आणि देशी चाल येते. कार्यक्रमात खरोखरच तशी गाणी असतील तर तो शब्द जरूर वापरा. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग-ओवीच्या वळणाने ख्रिस्ती गीते लिहिली, त्यांना भजन म्हणायला काहीच हरकत नाही. पण चार आवाजांत, ऑर्गनवर म्हटलेल्या गाण्याला भजन म्हटले तर ऐकणाऱ्याची फसगत होते.

आता मूळ शब्द. कॅरल इंग्रजीत आला तो जुन्या फ्रेंचमधल्या ‘कारोल’वरून, आणि कारोल म्हणजे गाणे नव्हे, नाच. हात धरून गोल फिरायचे आणि फिरता फिरता गायचे. त्याच्याही मागे लॅटिन-ग्रीकमध्ये गेले की अभ्यासकांचे एकमत राहत नाही, म्हणून तिथे शिरत नाही. आपल्याला अर्थ पुरेसा आहे, कारण त्यासाठी मराठीत जिवंत शब्द आहे : फेर. पाटावरच्या हत्तीभोवती भोंडल्याचा फेर धरून बायका-मुली जे करतात तेच मध्ययुगातल्या कारोलमध्ये होत असे. हत्ती आणि खिरापत तेवढी तिकडे नव्हती.

या नाचामुळेच जुन्या इंग्रजी कॅरलचा साचा ठरला. त्यात पालुपद आधी येते, मग कडवे, मग पुन्हा पालुपद. कडवे पुढारी म्हणतो आणि पालुपद सगळे उचलतात. इंग्रजीत या पालुपदाला ‘बर्डन’ म्हणतात. ओझ्याशी त्याचा संबंध नाही. साध्या इंग्रजी गाण्यात पालुपद कडव्यानंतर येते, जुन्या कॅरलमध्ये ते सुरुवातीलाच असते. अभंगाचे ध्रुपद आधी म्हणून मग पहिल्या चरणाकडे वळणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पंधराव्या शतकातले कॅरल म्हणजे विषय कोणताही चालेल, साचा हा हवा. ईस्टरची, वसंताची, इतकेच काय, युद्धातल्या विजयाचीही कॅरल आहेत. नाताळशी हा शब्द पक्का बांधला गेला तो पुढे.

नाचाची खूण काही चालींत अजून ऐकू येते. ‘डिंग डाँग मेरिली ऑन हाय’ची चाल १५८९ साली फ्रान्समध्ये छापलेल्या, नृत्य शिकवणाऱ्या एका पुस्तकातली आहे, शब्द जॉर्ज वुडवर्ड यांनी १९२४ मध्ये बसवले. ‘गुड किंग वेन्सेस्लस’ची चाल त्याहून मजेशीर. ती १५८२च्या एका लॅटिन गीतसंग्रहातल्या वसंतगीताची आहे. जॉन मेसन नील यांनी १८५३ मध्ये तिला बर्फातल्या राजाची गोष्ट जोडली. त्या गाण्यात ख्रिस्तजन्म नाहीच. प्रसंग २६ डिसेंबरचा, संत स्टीफनच्या सणाचा आहे. तरीही त्याला कोणी कॅरल नाही म्हणत नाही.

यावरून पत्रिकेची अडचण लक्षात येईल. इंग्रजीत एका मथळ्याखाली तीन जातींची गाणी सरमिसळ होतात.

पहिली जात उपासनेच्या गीतांची. इंग्रजीतला त्यांचा शब्द देवनागरीत ‘हिम’ असा लिहिला तर वाचणाऱ्यापुढे बर्फ पडेल, म्हणून त्यांना ‘उपासनागीत’ म्हणू. मराठी चर्चमधल्या गीतसंग्रहाचे नाव ‘उपासना संगीत’च आहे. ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ या जातीचे. चार्ल्स वेस्ली यांचे मूळ शब्द १७३९चे. मेंडेल्सोनने त्याची चाल १८४० मध्ये रचली ती गुटेनबर्गच्या छपाईकलेच्या उत्सवासाठी, आणि दोन्हींची गाठ १८५५ मध्ये विल्यम कमिंग्ज यांनी घातली. म्हणजे आज देवदूतांच्या तोंडी असलेली चाल मुळात छापखान्याची! ‘जॉय टू द वर्ल्ड’ही याच जातीचे. आयझॅक वॉट्स यांनी १७१९ मध्ये ते लिहिले ते स्तोत्र ९८च्या आधाराने. ‘स्तोत्र’ हा शब्द कुठे चालणार असेल तर फक्त इथे.

दुसरी जात लोकगीतातून आलेल्या, गोष्ट सांगणाऱ्या गाण्यांची. ही खरी कॅरल. तिसरी जात हंगामी गाण्यांची, आणि ‘जिंगल बेल्स’ या तिसरीतले. जेम्स पिअरपाँट यांनी ते १८५७ मध्ये ‘वन हॉर्स ओपन स्ले’, म्हणजे एका घोड्याची उघडी घसरगाडी, या नावाने प्रसिद्ध केले. त्यात ना नाताळ आहे, ना बाळ येशू. आहे ती बर्फावरची घसरगाडी, एक घोडा आणि तरुणांची मौज. त्याला ‘नाताळचे गाणे’ म्हणा, कारण ते नाताळात म्हणतात. कॅरल म्हटले तर काटेकोर माणूस भुवई उंचावेल, एवढेच. जाता जाता : त्यातल्या ‘बेल्स’चे भाषांतर ‘घंटा’ करू नका. घंटा शाळेची आणि देवळाची. बर्फावर घसरगाडीचा आवाज होत नाही, म्हणून समोरच्याला कळावे यासाठी घोड्याच्या साजाला खुळखुळणारे घुंगूर बांधत. आपल्याकडे बैलाच्या गळ्यात असते ती घुंगुरमाळ, तोच शब्द इथे चपखल बसतो.

असाच घोळ ‘मेंजर’चा होतो. शाळेच्या नाटुकल्यांत ‘बाळ येशू गोठ्यात निजला’ असते. तो गोठ्यात जन्मला असे म्हणता येईल, पण निजला तो गव्हाणीत. मेंजर म्हणजे गुरांपुढे वैरण टाकण्याची गव्हाण, आणि मराठी बायबलनेही ‘गव्हाणी’ हाच शब्द वापरला आहे. गोठा हा शब्द देखाव्यासाठी राखून ठेवावा : गोव्यात घरापुढे, चर्चपुढे मांडतात तो ‘गोठो’. ‘मेजाय’, म्हणजे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, यांच्यासाठीही मराठी बायबलचा ‘मागी’ घ्या; ‘तीन राजे’ ही नंतरची परंपरा आहे, शुभवर्तमानात त्यांची संख्याही दिलेली नाही.

‘नाताळगीत’ या शब्दावर कोणी आक्षेप घेतात की हा धेडगुजरी समास आहे, अर्धा पोर्तुगीज, अर्धा संस्कृत. आहेच. म्हणून काय झाले? ‘पावरोटी’ही तशीच आहे आणि ती रोज पचते. नाताळ हा पोर्तुगीज ‘नाताल’, म्हणजे जन्मदिवस. मागे लॅटिनचा ‘नातालिस’. शेवटच्या ल चा मराठीत ळ झाला, जसा पोर्तुगीज ‘ऑस्पिताल’चा ‘इस्पितळ’मध्ये झाला. पोर्तुगीजमधला शब्दाअखेरचा ल घशाकडे ओढलेला, जड असतो. मराठी-कोकणी कानाला तो ळ वाटला तर नवल नाही. गुजरातीत नाताल राहिला.

याच नातालिसवरून फ्रेंच ‘नोएल’ निघाला, आणि फ्रेंचमध्ये नोएलचा अर्थ नाताळ आहे तसाच नाताळगीत असाही आहे. स्पॅनिश भाषेने ‘विल्यान्सिको’ म्हणून खेडुताला मान दिला. पोलिश ‘कोलेंदा’ लॅटिनच्या महिनारंभाच्या शब्दावरून आली. कोकणीत गाण्याला ‘कांतार’ म्हणतात, तोही पोर्तुगीजच. मराठीत मात्र तो आणू नये. संस्कृत वाचलेल्याला कांतार म्हणजे घोर अरण्य.

नोएल-नाताळ या नात्याचा भाषांतरात थेट उपयोग होतो. ‘द फर्स्ट नोएल’च्या पालुपदात नोएल हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. तिथे ‘आनंद’, ‘जयजय’ वगैरे घालायचे कारण नाही. ‘नाताळ’ हा अर्थाने तोच, कुळाने तोच, आणि उच्चारात तसाच दोन टप्प्यांचा आहे. ‘नो’ हे समेच्या आधी उठते आणि ‘एल’ समेवर येते. ‘ना’ आधी, ‘ताळ’ समेवर, असे ते अलगद बसते.

बाकी ठिकाणी इतके सोपे जात नाही. इंग्रजी ओळीच्या सुरुवातीला ‘द’, ‘ओ’, ‘इट’ अशी बिनवजनाची अक्षरे असतात, आणि चाल त्यांच्यासाठी समेआधी एक पाऊल टाकते. मराठीत अशी उपपदे नाहीत, म्हणून भाषांतरकार ‘हे’, ‘रे’ भरत सुटतो. ‘ओ कम ऑल यी फेथफुल’मध्ये ही अडचण फुकट सुटते : मराठीतले ‘या’ हे एकाक्षरी, आदरार्थी, आणि अर्थालाही नेमके.

दुसरी अडचण लांबवलेल्या सुरांची. तिचे एक उदाहरण जवळून पाहू. ‘सायलेंट नाइट’चे मूळ जर्मन शब्द योझेफ मोर यांचे, १८१६चे, फ्रान्झ क्सावर ग्रूबर यांनी चाल दिली आणि २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावी ते गिटारच्या साथीने पहिल्यांदा म्हटले गेले. ठेका सहाचा, म्हणजे आपला दादरा. पहिल्या आवर्तनात पहिल्या दोन मात्रांवर प आणि त्याच्या शेपटाला ध चा स्पर्श, तिसऱ्या मात्रेवर पुन्हा प, आणि उरलेल्या तिन्ही मात्रा ग वर थांबायचे. आता ‘शांत रात्र’ म्हणून बघा. ‘शां’ दोन मात्रा, ‘त’ एक, इथवर ठीक. पण ग वर ‘रा’ लांबवला की शेवटचा ‘त्र’ कुठे टाकायचा? तो ‘त्रऽ’ असा वेगळा उच्चारावा लागतो आणि थांबण्याच्या जागी धक्का बसतो. ‘शांत निशा’ केले तर ‘नि’ला एक मात्रा आणि ‘शा’ला दोन द्याव्या लागतात, मूळ चालीतला एकसंध सूर तुटतो, पण आकारान्तामुळे गळा मोकळा राहतो. सर्वांत बरे ‘शांत रात’. ‘रा’ तीन मात्रा धरायचा आणि ‘त’ अगदी शेवटी हलकेच मिटायचा. रात हा शब्द हिंदी म्हणून कोणी नाक मुरडेल, पण ‘दिसरात’, ‘रातराणी’, ‘रातकिडा’ म्हणणाऱ्याने मुरडू नये.

हे गाणे खरे तर पाळणा आहे. मग सगळ्याच कॅरलना पाळणा म्हणावे का? कृष्णजन्माचा, रामजन्माचा पाळणा आपल्याकडे आहेच, तेव्हा मोह होतो. पण निजवण्याची गाणी हा कॅरलचा एक पोटभाग आहे; मेंढपाळांची, ताऱ्याची गाणी पाळण्यात मावत नाहीत. साम्य मात्र एका वेगळ्याच जागी सापडते. ‘ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस’ पहिल्या दिवसापासून बाराव्यापर्यंत भेटी मोजत जाते, आणि आपला पाळणाही ‘पहिल्या दिवशी’पासून मोजत बाराव्या दिवशी बारशाला पोचतो. (भेटींची एकूण बेरीज ३६४ होते. वर्षाला एक कमी.)

घरोघर जाऊन गाण्याच्या ‘कॅरल सिंगिंग’लाही शब्द विचारला जातो. प्रचारात ते इंग्रजीच आहे. पण ‘प्रभातफेरी’ मराठीत रुळलेली असताना ‘नाताळफेरी’ का नको? कारोलचा फेर आणि दारोदारची फेरी, दोन्ही त्यात येतात.

राहिले व्याकरण. इंग्रजीत ‘ओ’ लिहितात, पण उच्चारात तो नाही. म्हणून ‘कॅरोल’पेक्षा ‘कॅरल’ जवळचे. दोन्ही छापलेले दिसतात. एका पत्रिकेत एकच ठेवा. लिंग नपुंसक, ‘गाणे-गीत’च्या ओढीने : ते कॅरल, कॅरल म्हटले. अनेकवचनाला तिकीट-तिकिटे, बटण-बटणे या न्यायाने ‘कॅरले’ व्हायला हवे, पण ते कोणी बोलत नाही. बोलण्यात ‘कॅरल्स’ आहे. लिहिताना संख्या असेल तर एस् गाळून ‘तीन कॅरल म्हटली’ असे लिहिणे मला अधिक मराठी वाटते. विभक्तीत ‘कॅरलचा’, ‘कॅरलमध्ये’. ‘कॅरलाचा’ नको, शब्द अजून तेवढा मुरलेला नाही. नाताळ मुरला आहे, तरी त्याची गंमत अशी की ‘नाताळात’ सामान्यरूप घेते आणि ‘नाताळची सुट्टी’ घेत नाही. ‘नाताळाची सुट्टी’ चूक नाही, पण कानाला कोकणीकडे झुकलेली लागते. समास जोडून लिहा : नाताळगीते. ‘नाताळ गीते’ असे तोडले तर तो समास राहत नाही. आणि ‘कॅरल गीते’ तर मुळीच नको; ते ‘लेडीज बायका’सारखे होते.