घराच्या करारासोबत आलेलं सलोख्याचं पत्रक: त्याचा अर्थ काय?

तुमचा प्रश्न असा, की कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये ना-नफा गृहनिर्माण संस्थेचं घर मिळालं आणि करारासोबत 'आमची संस्था मूळ रहिवाशांशी सलोख्याला बांधील आहे' असं पत्रक आलं; याचा घराशी संबंध काय आणि हे फक्त कागदावरच असतं का. मी इथल्याच अशा एका संस्थेत नऊ वर्षं घरवाटपाचं काम करते, म्हणून पाहिलेलं सांगते.

आधी जमिनीचं. आपण राहतो ती जमीन मस्क्वीयम, स्क्वॉमिश आणि स्लेवातूथ लोकांची; मूळ रहिवासी म्हणजे युरोपीय येण्याआधीपासून इथे राहणारे असे लोक. त्यांनी ती विकली नाही, तह करूनही दिली नाही. बरार्ड पुलाजवळ सध्या ज्या उंच इमारती उठतायत, तिथे सेनाक्व नावाचं गाव होतं. १९१३ मध्ये तिथल्या कुटुंबांना बार्जवर चढवून हलवलं आणि मागे त्यांची घरं जाळली. त्यातला जेमतेम साडेदहा एकरांचा तुकडा स्क्वॉमिश लोकांना कोर्टात लढून परत मिळाला. त्यावर आता ते स्वतः सुमारे ६,००० भाड्याची घरं बांधतायत. तिथून जाता-येता एकदा थांबून बघा.

दुसरी गोष्ट मुलांची. कॅनडाभरातल्या मूळ रहिवाशांच्या सुमारे दीड लाख मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवलं गेलं. त्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. अशी पत्रकं त्यानंतर जागोजागी दिसू लागली. पण मुलं दुरावणं थांबलेलं नाही. २०२१ च्या जनगणनेत १४ वर्षांपर्यंतच्या मुलांत मूळ रहिवाशांची मुलं ७.७ टक्के होती, आणि सरकारी देखरेखीखाली परक्या घरी वाढणाऱ्या मुलांत ५३.८ टक्के. घराचा संबंध येतो तो इथे.

आमच्याकडे एका आजींचा अर्ज आला होता. नातू सात वर्षांचा, नात नऊ वर्षांची, दोघंही परक्या घरी. आजींना त्यांना आपल्याकडे आणायचं होतं. मुलांच्या देखरेखीचं सरकारी काम बघणारी बाई म्हणाली, आधी झोपायच्या तीन खोल्या असलेलं घर दाखवा. कारण इथल्या मापदंडाप्रमाणे पाच वर्षांवरच्या भावाबहिणीला वेगळ्या खोल्या लागतात, आजींना स्वतःची वेगळी. आमचा नियम म्हणत होता, आज घरात जितकी माणसं आहेत तितक्याच खोल्या. म्हणजे आजींना एकच. तो अर्ज मीच परत पाठवला. नियमात बसत नव्हता, एवढंच मी पाहिलं. आठ महिने आजी दोन्ही कचेऱ्यांत चकरा मारत होत्या. ते आठवलं की अजून मला लाज वाटते.

आमच्या पत्रकाला अर्थ आला तो हा नियम बदलला तेव्हा. येऊ घातलेली मुलंही आता माणसांत मोजतात. सेज नावाची वनस्पती जाळून धूप फिरवण्याचा मूळ रहिवाशांचा विधी आधी धूम्रपानबंदीत अडकायचा, त्याला लेखी परवानगी दिली. पाहुण्यांच्या मुदतीवरून अजून वाद आहे. आजारपणात, मयतीला नातेवाईक महिनाभर येऊन राहतात, आणि करारात पंधरा दिवस लिहिलेले असतात. आपल्या घरांत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही; मला सहकाऱ्यांना तीन बैठकांत समजावावं लागलं.

तेव्हा तुमच्या संस्थेचं पत्रक खरं आहे का, हे तपासायचं तर भाडेकरूंच्या सभेत विचारा: संचालक मंडळावर मूळ रहिवासी किती आहेत? गेल्या वर्षी त्यांच्यापैकी किती कुटुंबांना घर मिळालं आणि किती जणांना घर सोडायची नोटीस गेली? त्यांच्या सल्ल्याने एखादा नियम बदलला असेल तर कोणता? सभेच्या सुरुवातीला ही जमीन मूळ रहिवाशांची आहे असा उल्लेख करून सगळे पुढच्या विषयाकडे वळतात, तिथेच हात वर करा. भाडेकरू म्हणून हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नवीन आहोत, परदेशी आहोत म्हणून संकोच करू नका.