अमेरिकेत फेडरल (म्हणजे केंद्र सरकारचं) शैक्षणिक कर्ज थकलं, आता पगारातून कापणार असं पत्र आलंय. काय करू?

आधी पाकिटावरची नव्हे, पत्रावरची तारीख बघा. त्या तारखेपासून 30 दिवसांत लेखी सुनावणी मागितलीत, तर निकाल लागेपर्यंत कपात सुरूच होत नाही. बरेच जण घाबरून पत्र ड्रॉवरमध्ये टाकतात आणि नेमकी हीच संधी घालवतात.

270 दिवस हप्ता चुकला की फेडरल कर्ज डिफॉल्टमध्ये जातं, म्हणजे अधिकृतपणे थकीत ठरतं. मग सरकारला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. कर वगैरे वजा जाता हातात येणाऱ्या पगारातले 15 टक्क्यांपर्यंत थेट कंपनीकडून कापून घेता येतात. टॅक्स रिफंडही अडकतो, ते वेगळंच. मात्र तुम्हाला नोकरीवरून काढलं होतं आणि नवीन नोकरीला सलग 12 महिने झाले नसतील, तर ते सुनावणीत नक्की सांगा. त्या काळात कपात करता येत नाही.

माझं मत विचाराल तर रिहॅबिलिटेशन घ्या, म्हणजे ठरलेले हप्ते भरून कर्ज डिफॉल्टमधून बाहेर काढा. 10 महिन्यांत 9 हप्ते वेळेवर भरायचे, हप्ता उत्पन्नावरून ठरतो. पूर्ण झालं की क्रेडिट रिपोर्टवरची डिफॉल्टची नोंद जाते, उशिरा भरल्याच्या जुन्या नोंदी मात्र राहतात. कन्सॉलिडेशन, म्हणजे जुनी कर्जं एका नव्या कर्जात बदलून घेणं, लवकर होतं, पण कपातीचा आदेश लागू असताना ते सहसा मिळत नाही.

आणि हो, खासगी बँकेचं कर्ज असेल तर यातलं काही लागू नाही. त्यांना आधी दावा लावून निकाल मिळवावा लागतो. कोर्टाचं समन्स आलं तर उत्तर द्या, गैरहजर राहू नका.