मेंदू आणि भाषा: पहिल्या सत्राआधी थोडेसे

या विषयात ब्रोका आणि वेर्निके (मेंदूच्या दोन भागांना ज्यांची नावे दिली आहेत ते डॉक्टर) ही नावे लगेचच कानावर पडतील आणि मेंदूच्या आकृतीवर ‘इथे बोलणे, इथे समजणे’ असे लिहून मोकळे व्हावेसे वाटेल. तसे करू नका. ब्रोका यांनी १८६१ मध्ये ज्या रुग्णाचे वर्णन केले, तो जवळजवळ ‘तान’ एवढेच उच्चारू शकत असे. मात्र त्याच्या जतन केलेल्या मेंदूची एमआरआय तपासणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा इजा पृष्ठभागापेक्षा बरीच खोल गेल्याचे दिसले.

सर्वाधिक वेळ ईईजीला, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतील विद्युत हालचाल नोंदवण्याच्या पद्धतीला, द्यावा. ‘आजीने सोलकढीत कोथिंबीर घातली’ याऐवजी ‘आजीने सोलकढीत चप्पल घातली’ असे वाचकाला दाखवले, तर त्या विसंगत शब्दानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी ऋण विद्युतलहर ठळक होते. हा परिणाम कुटास आणि हिलयार्ड या संशोधकांनी १९८० मध्ये मांडला. एफएमआरआय (मेंदू काम करत असताना त्याची प्रतिमा घेणारी तपासणी) मेंदूतील रक्तातील बदल मोजते आणि ते काही सेकंद मागे असतात, म्हणून ‘कुठे’ (एफएमआरआय) आणि ‘केव्हा’ (ईईजी) या प्रश्नांची साधने वेगळी ठेवावीत. संख्याशास्त्र आधीच उरकावे, नाहीतर शोधनिबंध डोक्यावरून जातात.

मालवण, वेंगुर्ल्याकडून आलेल्यांना घरची मालवणी आणि शाळेतली मराठी हे आयतेच भांडवल आहे. वाचाघात (मेंदूच्या इजेमुळे भाषा बिघडणे) झालेल्या व्यक्तीचे दोन्ही बोलींतले बोलणे नोंदवायचे असल्यास तिची व कुटुंबाची लेखी संमती आणि विभागाच्या नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी, मगच रेकॉर्डर सुरू करावा.