चित्रकार्ड दिलं तर तो बोलायचं सोडून देईल का?

"मॅडम, चित्रं दाखवून सगळं मिळायला लागलं, तर तो तोंड कशाला उघडेल?" एका आजींचा हा प्रश्न. स्वमग्न (ऑटिस्टिक) आणि अजून न बोलणाऱ्या मुलांच्या घरी तो हमखास विचारला जातो.

नातू चार वर्षांचा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). जेवता जेवता ताट ढकलायचा, कानशिलात मारून घ्यायचा. घरच्यांना तो हट्ट वाटे. मी आईला वही ठेवायला सांगितली. मारून घेण्याच्या अगदी आधी काय घडलं आणि लगेच नंतर घरच्यांनी काय केलं, एवढंच लिहायचं. आठवड्याभरात उलगडा झाला. त्याचं पोट भरलेलं असे, तरी चिऊचा घास, काऊचा घास चालूच. त्याने मारून घेतलं की घाबरून ताट उचललं जाई. म्हणजे 'पुरे' म्हणायचा त्याला सापडलेला हा एकच मार्ग होता.

मग 'पुरे'चं कार्ड केलं. सुरुवातीला मागे बसून त्याचा हात धरून ते आईला द्यायला लावलं. कार्ड मिळालं की अर्धं ताट उरलं तरी जेवण तिथेच थांबवायचं, आणि आईने दर वेळी 'पुरे' मोठ्याने म्हणायचं. आजींना हे फार जड गेलं, पण इथे घासाघीस केली तर कार्डावरचा त्याचा विश्वासच उडतो. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी 1985मध्ये ही पद्धत मांडली: वागण्यामागची गरज ओळखा, ती सांगायचा सोपा मार्ग शिकवा.

बोलणं मागे पडेल का? 2006च्या एका संशोधन-आढाव्यात, विकासात्मक अडचणी असलेल्यांपैकी चित्रं-खुणा वापरल्यामुळे कुणाचंही बोलणं कमी झालेलं आढळलं नाही. बहुतेकांचं वाढलं, तेही बेताचंच. म्हणून 'तो नक्की बोलेल' असं वचन मी देत नाही. मात्र वर्तनोपचाराच्या, म्हणजे वागणं बदलण्याच्या अशा उपचारांच्या नावाखाली कुणी मुलाला मारत असेल, उपाशी ठेवत असेल, तर मूल तिथून ताबडतोब काढून घ्या.

त्याचं मारून घेणं बरंच कमी झालं. मध्ये एकदा अचानक वाढलं, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवलं. दाढ किडली होती. घरी शिकलेलं अशी मुलं दुसरीकडे आपोआप वापरतातच असं नाही, म्हणून आता बालवाडीच्या बाईंकडेही तेच कार्ड दिलं आहे.