वडील रस्त्यावर बसलेत, कलेक्टरांनी काय करायचं?

प्रश्न : आदरणीय ताई, मी निफाड तालुक्यातला. वडिलांची तीन एकर शेती, मुख्य पीक कांदा. गेल्या खेपेला यूपीएससीच्या मुलाखतीपर्यंत पहिल्यांदा पोचलो, पण यादीत नाव आलं नाही. एक प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. बोर्डातल्या एका सदस्यांनी विचारलं, "तुम्ही जिल्हाधिकारी आहात. कांद्याच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग अडवलाय आणि तुमचे वडील सगळ्यांत पुढे बसलेत. काय कराल?" मी म्हणालो, "सर, मला सगळे नागरिक सारखेच. कायद्याप्रमाणे रस्ता मोकळा करीन." ते लगेच म्हणाले, "म्हणजे वडिलांवर लाठी चालवाल?" मी गप्पच झालो, मग "तसं नाही सर" एवढंच बोललो. पदवीनंतरची पाच वर्षं काय केलं, यावरही "अभ्यास" या एका शब्दापलीकडे काही सुचलं नाही. क्लासमध्ये भावनिक होऊ नका म्हणून बजावलं होतं. आता महिन्याभरात पुन्हा मुलाखत आहे. अशा प्रश्नांना काय उत्तर द्यावं?
— एक वाचक, जि. नाशिक

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही लाठीच्या प्रश्नावर अडकलात असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, तुम्ही त्याच्या आधीच्याच वाक्यात अडकला होतात. "मला सगळे नागरिक सारखेच" हे खरं नव्हतं आणि समोरच्यांना ते लगेच कळलं. वडील समोर बसलेत आणि पोटात काहीच होत नाही, असं कोण मान्य करील? म्हणून त्यांनी पुढचा प्रश्न टाकला. तो तुम्हाला पाडायला नव्हता. हा मुलगा खरं कधी बोलतो, एवढंच त्यांना बघायचं होतं.

मी महसूल खात्यात चौतीस वर्षं काढली. प्रांताधिकारी असताना एका कालव्याच्या भूसंपादनाची फाइल माझ्याकडे आली. गटांची यादी वाचताना एका नावावर बोट थांबलं. माझे सख्खे मामा. त्याच दुपारी कलेक्टरांना अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं : या यादीतला अमुक गट माझ्या मामांचा आहे, तरी हे प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावं. आवक क्रमांकाचा शिक्का घेऊन एक प्रत स्वतःच्या कपाटात ठेवली. मामा दोन दिवाळ्या आमच्याकडे आले नाहीत. मला त्याचा त्रास झाला, आजही होतो. पण कुणी मला माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल विचारलं, तर मी त्या अर्ध्या पानाबद्दल सांगते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तिथूनच सुरू होतं. आधी मान्य करा : "सर, ते माझे वडील आहेत आणि त्यांची मागणी मला घरातून माहीत आहे. म्हणून पहिलं काम, विभागीय आयुक्तांना हे कळवीन आणि बळाचा वापर करायचा की नाही हा निर्णय दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावा अशी विनंती करीन." मग पुढचं ओळीने येऊ द्या. ॲम्ब्युलन्सला एक बाजू मोकळी, टोमॅटो-द्राक्षांच्या गाड्या पर्यायी रस्त्याने, पोलीस अधीक्षकांशी बोलणं आणि आंदोलकांच्या चार-पाच प्रतिनिधींशी चर्चा. बळ सगळ्यांत शेवटी. "लाठी चालवाल?" असं विचारलंच तर सरळ सांगा : "तो निर्णय माझ्या हातात राहू नये, म्हणूनच मी आधी कळवलं."

आणि चर्चेत आपल्या हातात नसलेलं वचन देऊ नका. कांद्याचं निर्यात धोरण केंद्राचं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरात थेट बंदी आली. मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी शुल्क राहिलं, सप्टेंबरात ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलं. यातली एकही गोष्ट कलेक्टर कचेरीतून ठरली नाही. कलेक्टर निवेदन त्याच दिवशी वर पाठवू शकतो आणि पाठवल्याची प्रत शेतकऱ्यांच्या हातात देऊ शकतो. एवढं बोललात तर तुम्हाला कामाची हद्द कळते, असं बोर्डाला दिसेल.

"मंत्र्यांनी फोनवर चुकीचं काम सांगितलं तर?" हाही असाच प्रश्न. "मी कुणाला घाबरत नाही" हे त्याचं उत्तर नव्हे. अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ सांगतात की वरिष्ठांचा आदेश सहसा लेखी असावा आणि तोंडी द्यावाच लागला तर नंतर लेखी कायम करून घ्यावा. तुम्ही त्या नियमाने काय लिहाल, ते सांगा.

पाच वर्षांबद्दल मात्र मला तुमचा थोडा राग आला. मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५, अशा २०२५ गुणांतून यादी लागते. त्या २७५ गुणांसमोर बसून तुम्ही "अभ्यास" एवढंच म्हणालात! निफाडच्या कांदेवाल्याच्या घरातला मुलगा पाच वर्षं नुसता पुस्तकात होता, हे मला पटत नाही. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरताना हात लावला असेल. मोड आलेला, सडका कांदा निवडून बाहेर फेकला असेल. वडिलांबरोबर ट्रॅक्टरवर बसून लासलगावच्या लिलावाला गेला असाल, पुकारा ऐकताना त्यांचा चेहरा पाहिला असेल. केलं असेल ते सांगा. नसेल केलं, तर ओढूनताणून सांगू नका, पुढच्याच प्रश्नाला उघडे पडाल. पण शेतीबद्दल डॅफमध्ये, म्हणजे यूपीएससीला भरून दिलेल्या तपशीलवार अर्जात, काही लिहिलं असेल, तर चाळीत कांदा का सडतो हे तुम्हाला यायलाच हवं.

क्लासवाल्यांच्या "भावनिक होऊ नका" या सल्ल्याचं मला वाईट वाटतं. आवाज थोडा कापला तर कापू द्या. फक्त वाक्य पूर्ण करा. मुलाखत मराठीतून देणार असाल, तर वाक्यं छोटी ठेवा, म्हणजे दुभाष्याला तुमचा मुद्दा नीट पोचवता येईल. आणि एखादं उत्तर नसेल येत, तर "माहीत नाही सर" म्हणून थांबा, अंदाज बांधत बसू नका.

मॉक मुलाखती द्याच, पण त्याआधी एक करा. आज रात्री जेवताना हाच प्रश्न वडिलांना विचारा : मी कलेक्टर म्हणून समोर आलो, तर तुम्ही उठाल का? ते काय म्हणतात ते मला नक्की कळवा.