धार लावायला शिकतोय, सरावाला कोणती स्वस्त सुरी घेऊ?

कुठलीही घ्या, दातेरी सोडून. पत्र्यासारखी पातळही नको. ती दाबाखाली वाकते, मग कोन धरलाय असं नुसतं वाटतं. पाठ दीड-दोन मिलिमीटर जाड असलेली साधी स्टीलची सुरी पुरे. घरात बोथट होऊन पडलेली असेल तर विकतही आणू नका.

पण तुम्ही जाता जाता लिहिलंय, "हात बसला की 6000 ग्रिटचा दगड घेईन." ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा नंबर, जितका मोठा तितका दगड बारीक. इथे माझं डोकं फिरतं. स्वस्त सुरीचं स्टील मऊ, कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर साधारण 52 ते 56. त्याला आरशासारखी चकाकी आणलीत तर धार टोमॅटोच्या सालीवरून घसरायला लागते. किंचित खरखरीत धारच साल पकडते. हार्डवेअरच्या दुकानातला कार्बोरंडमचा दुतर्फी दगड (एक बाजू खरखरीत, एक बारीक) भरपूर झाला. बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवा, खाली ओलं फडकं घाला. एकदा तेल लावलंत तर पुढे तेलच, तेल प्यायलेल्या दगडावर पाणी ठरत नाही.

कोन 20 अंश. मोजायला काही नको, पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश एवढी पाठ उचला. पातं 30 मिलिमीटर रुंद असेल तर 10. धारेच्या कडेला काळं मार्कर फासून दोन-तीन हात मारा. शाई पाठीकडच्या अंगाने गेली तर पाठ खाली पडतेय, नुसती कडेवरून गेली तर फार उचललीय.

आता मुख्य काम. पलीकडच्या अंगाला बर येईपर्यंत एकच बाजू घासायची. बर म्हणजे कडेवर उलटलेली धातूची बारीक झालर. अंगठा पाठीकडून धारेबाहेर सरकवला की ती खरखरते (धारेच्या लांबीने बोट फिरवू नका). मुठीपासून टोकापर्यंत ती अखंड लागली पाहिजे. टोकाशी बहुतेकांची राहते, कारण वळणावर मूठ थोडी उचलावी लागते आणि ती कोणी उचलत नाही. "दोन्हीकडे वीस-वीस हात" हा सल्ला निव्वळ फालतू आहे. शंभर लागले तर शंभर मारा. मग दुसरी बाजू, तशीच.

मऊ स्टीलची बर चिवट. तुटत नाही, नुसती या कुशीवरून त्या कुशीवर लोळते. तशीच राहिली तर सुरी कागद झरझर कापते आणि दुसऱ्या कांद्याला बोथट. मग लोक म्हणतात, स्वस्त सुरीला धार टिकत नाही. अहो, ती धार नव्हतीच, बर होती! बारीक बाजूवर, सुरीच्या नुसत्या वजनाने, धार पुढे ठेवून एक हात इकडे, एक तिकडे, असे आठ-दहा. शेवटचे दोन किंचित उभ्या कोनात. मग जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या अंगावर उलट, म्हणजे पाठ पुढे ठेवून ओढा. ज्याला या सुरीची बर काढता आली त्याला महागडी सुरी सोपी जाते. म्हणून स्वस्तच घ्या.

विळीला यातलं बरंचसं लागू नाही. तिथे दगड हातात धरून पात्यावर फिरवायचा. आणि दगड मधोमध खोलगट झाला की कोन धरून उपयोग नाही. सपाट फरशीच्या तुकड्यावर 120 नंबरचा वॉटरपेपर ठेवून, पाणी मारत दगड त्यावर घासून घ्या.